ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हाती तपास

तालुक्याच्या पोलीस ठाण्यात मार खाल्लेला शेतमजूर कोणाकडून तरी एक अर्ज लिहून घेतो. अर्ज जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या नावे असतो. प्रती गृहमंत्र्यांना, जिल्हाधिकाऱ्यांना आणि मानवी हक्क आयोगाला पाठवलेल्या असतात. मंत्रालयातली प्रत 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' पोलीस महासंचालकांच्या कार्यालयाकडे जाते, तेथून अधीक्षकांकडे, अधीक्षकांकडून उपविभागीय अधिकाऱ्याकडे, आणि शेवटी 'चौकशी करून अहवाल सादर करावा' असा शेरा घेऊन ती ठाण्यात उतरते. महिन्या-दोन महिन्यांनी अर्जदाराला जबाबासाठी बोलावणे येते. बोलावणे आणणारा शिपाई त्याच ठाण्याचा, जबाब लिहून घेणारा हवालदार त्याच ठाण्याचा, आणि जबाब जिथे लिहिला जातो ती खोलीही पुष्कळदा तीच. जबाबाच्या अखेरीस एक वाक्य असते: 'माझी आता कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.' त्याखाली अंगठा. प्रकरण दप्तरी दाखल होते.

ज्या कार्यकर्त्याने दहा वर्षे तालुक्यात काम केले आहे, त्याला हा प्रवास नवा नाही. परंतु त्याचा अर्थ लावताना एक चूक वारंवार होते. अमुक अधिकारी क्रूर, तमुक ठाणेदार भ्रष्ट, अशी माणसांची यादी केली जाते. त्या माणसाच्या बदलीची मागणी होते. बदली झाली की विजयाची सभा होते. बदली होऊन गेलेला अधिकारी दुसऱ्या तालुक्यात तेच करतो, आणि त्याच्या जागी आलेल्यालाही थोड्याच दिवसांत त्याच वाटेची सवय होते. प्रश्न माणसांच्या स्वभावाचा असता तर बदल्यांनी तो केव्हाच सुटला असता. तो रचनेचा आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच हाती तपास, ही ती रचना. ती जोवर कायम आहे तोवर कायदे वाढतील, आयोग वाढतील, न्यायालयांचे निर्देश वाढतील, आणि अर्ज मात्र फिरून त्याच टेबलावर येईल.

एखाद्या सहकारी सोसायटीच्या खजिनदाराने स्वतःच्या वहीचे हिशेब स्वतःच तपासावेत आणि स्वतःच दाखला द्यावा, असे म्हटले तर गावातला निरक्षर सभासदही हसेल. खजिनदार प्रामाणिक असला तरी हिशेबतपासनीस वेगळा हवा, हे त्याला कळते. चार-दोन हजारांच्या व्यवहाराला लागू असलेला हा नियम माणसाच्या जिवाला लागू नसावा, ही या व्यवस्थेतली मूळ विसंगती होय.

हुसैनगंज ते देसाईगंज

उत्तर प्रदेशातील फत्तेपूर जिल्ह्यात हुसैनगंज नावाचे ठाणे आहे. १९६९ साली तेथल्या एका शेतकऱ्याने ठाण्यातील पोलिसाने लाच घेतल्याची तक्रार वरिष्ठांकडे केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो त्याच ठाण्याच्या ताब्यात असताना झालेल्या जखमांनी मरण पावला. सत्र न्यायालयाने पोलिसांना दोषी ठरवले, उच्च न्यायालयाने त्यांना सोडले, आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोषी ठरवले तेव्हा १९८५ साल उजाडले होते. हा निकाल देणारे सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी त्यात एक मर्मभेदी निरीक्षण नोंदवले. कोठडीत माणसाला जखमा कशा झाल्या याचा पुरावा देऊ शकणारे पोलीसच असतात, दुसरे कोणी तेथे नसते. आणि बंधुभावाने बांधलेले पोलीस बहुधा गप्प राहणे पसंत करतात. तेव्हा अशा खटल्यांत पुराव्याचा भार कोणावर असावा याचा कायद्याने फेरविचार करावा, असे त्यांनी सुचवले.

विधी आयोगाने त्याच वर्षी, आपल्या ११३ व्या अहवालात, ही सूचना उचलून धरली. ताब्यातील माणसाला त्या काळात जखमा झाल्याचा पुरावा असेल तर त्या पोलिसाने केल्या असे न्यायालयाला गृहीत धरता यावे, अशी दुरुस्ती आयोगाने सुचवली. त्याला चाळीस वर्षे होऊन गेली. १८७२ चा पुरावा कायदा जाऊन त्याच्या जागी २०२३ मध्ये नवा कायदा आला, तो १ जुलै २०२४ पासून लागूही झाला. परंतु ही दुरुस्ती जुन्यात आली नाही आणि नव्यातही आली नाही.

ही गोष्ट अशक्य होती म्हणून राहिली, असे नव्हे. महाराष्ट्राचेच उदाहरण त्याला साक्षी आहे. २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवले. मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असा त्या निकालाचा रोख होता. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. पोलीस ठाण्याच्या चार भिंतींत एका गरीब मुलीची 'संमती' म्हणजे काय, असा त्यांचा प्रश्न होता. देशभर स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ताब्यातील स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले तर न्यायालयाने ती नव्हती असेच गृहीत धरावे, असे कलम पुरावा कायद्यात आले. म्हणजे, कोठडीत पुराव्याचा भार बदलता येतो. त्यामुळे न्यायाचे आकाश कोसळत नाही. जे एका गुन्ह्याबाबत झाले ते मारहाणीबाबत आणि मृत्यूबाबत का झाले नाही, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही. स्त्रियांची चळवळ त्या प्रश्नावर उभी राहिली. मार खाणाऱ्या पारध्याच्या, वडाराच्या, शेतमजुराच्या मागे तेवढी चळवळ उभी राहिली नाही, हे ते उत्तर आहे.

आकड्यांची साक्ष

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांची बेरीज केली तर २००१ ते २०२० या वीस वर्षांत देशभर पोलीस कोठडीत १,८८८ मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी १,१८५ जण असे होते की ज्यांना न्यायालयाने पोलीस कोठडी दिलेलीच नव्हती. या वीस वर्षांत पोलिसांविरुद्ध ८९३ गुन्हे नोंदले गेले. ३५८ पोलिसांवर दोषारोपपत्र दाखल झाले. शिक्षा झाली २६ जणांना.

या आकड्यांबाबत न्यायबुद्धीने दोन गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. कोठडीतला प्रत्येक मृत्यू मारहाणीने होतो असे नाही. आजार आणि आत्महत्या यांचाही त्यांत समावेश आहे. शिवाय ज्या वर्षी मृत्यू होतो त्याच वर्षी खटल्याचा निकाल लागत नाही, त्यामुळे या आकड्यांची एकास एक अशी सांगड घालता येत नाही. परंतु एवढी सूट देऊनही ही उतरंड बोलकी आहे. अर्ध्याहून अधिक मृत्यूंच्या बाबतीत गुन्हाच नोंदला जात नाही, आणि शिक्षेपर्यंत पोहोचणाऱ्यांची संख्या दोन्ही हातांच्या बोटांवर तीन वेळा मोजता येईल. सामान्य खुनाच्या खटल्यात तपास करणाऱ्याला आरोपी सापडावा असे वाटते. येथे तपास करणाऱ्याला आरोपी सापडू नये असे वाटते. दोन्हींचे फलित सारखे कसे येईल? अर्थशास्त्रात हितसंबंध पाहून वर्तनाचा अंदाज बांधतात. पोलीस ठाण्यालाही तोच नियम लागू आहे.

आणखी एक हिशेब कोणत्याही अहवालात सापडत नाही, तो तक्रारीच्या खर्चाचा. जबाबाला एकदा जायचे तर मजुराची एक दिवसाची मजुरी बुडते, एस. टी. चे भाडे लागते. आणि जबाब एकदाच होत नाही. ठाण्याशी वैर घेतले तर पुढच्या चोरीत संशयित म्हणून आपलेच नाव येईल ही भीती वेगळी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या जमातींवर शिक्का मारला, त्यांच्या बाबतीत ही भीती कल्पित नव्हे. तो कायदा १९५२ मध्ये गेला. शिक्का ठाण्याच्या वहीतून गेला, मनातून गेला नाही. पैसेवाल्याला तक्रार परवडते, पण त्याला मार बसत नाही. ज्याला मार बसतो त्याला तक्रार परवडत नाही. म्हणून नोंदलेल्या तक्रारी कमी आहेत याचा अर्थ अत्याचार कमी आहेत असा काढणे ही शुद्ध फसवणूक होय.

महाराष्ट्रातील तीन प्रकरणे

२०१७ च्या नोव्हेंबरात सांगलीच्या ठाण्यात लुटीच्या आरोपावरून पकडलेला एक तरुण कोठडीतल्या मारहाणीने मेला. पोलिसांनी सांगितले की तो पळून गेला. वस्तुतः त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळण्यात आला होता. हे कृत्य ज्यांच्यावर तपासाची जबाबदारी होती त्यांनी केले होते. नातेवाइकांनी त्या 'पळून गेल्या'च्या कथेवर विश्वास ठेवला असता, तर ती कथाच सरकारी सत्य म्हणून कायम राहिली असती.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद आणि निदर्शने झाली, धरपकड झाली. अटक केलेल्यांत वडार समाजातला, कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. कारण प्रथम हृदयविकार सांगण्यात आले. शवविच्छेदनाच्या अहवालात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख निघाला. पोलिसांनी मारहाण केली नाही, असे सरकारने विधानसभेत सांगितले. त्यानंतर त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जावे लागले. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलैला तेथेही हरले. मृत्यू डिसेंबरात झाला. गुन्हा नोंदवायचा की नाही, याचाच वाद जुलैअखेरपर्यंत चालला. तपास तर त्यापुढे.

तिसरे प्रकरण बदलापूरचे. शाळकरी मुलींवरील अत्याचाराचा आरोप असलेल्या माणसाबद्दल कोणाला सहानुभूती वाटण्याचे कारण नाही, आणि म्हणूनच ते प्रकरण कसोटीचे आहे. २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या गाडीत, पोलिसांच्या गोळीने तो मेला. त्याने बंदूक हिसकावून गोळी झाडली, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी घातली, असे सांगण्यात आले. फलक लागले, पेढे वाटले गेले. दंडाधिकाऱ्यांनी चौकशी करून गाडीतील पाच पोलिसांना जबाबदार धरणारा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयासमोर ठेवला. तरीही गुन्हा नोंदला गेला नाही. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने त्याबद्दल सरकारला फटकारून विशेष पथकाद्वारे तपासाचा आदेश दिला. या तारखेत एक विलक्षण योगायोग आहे. २३ सप्टेंबर २०१४ रोजी, म्हणजे बरोबर दहा वर्षे आधी, सर्वोच्च न्यायालयाने चकमकींच्या तपासाबाबत सोळा निर्देश दिले होते. तेही महाराष्ट्राच्याच प्रकरणात, १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत चकमकींत मेलेल्या सुमारे १३५ माणसांच्या संदर्भात. प्रत्येक चकमकीत गुन्हा नोंदवा आणि तपास स्वतंत्र यंत्रणेकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे द्या, असे ते निर्देश सांगतात. दहा वर्षांनी त्यांची आठवण करून द्यायला पुन्हा उच्च न्यायालयच लागले.

तिन्ही प्रकरणांचा निष्कर्ष एकच. जिथे लोकक्षोभ होता, वृत्तपत्रे होती, चिवट नातेवाईक होते आणि उच्च न्यायालय गाठता आले, तिथे तपासाचे चाक थोडे फिरले. जिथे यांपैकी काहीच नव्हते, त्या मृत्यूंची नावेदेखील कोणाला ठाऊक नाहीत. न्याय हा असा अपघाताने मिळू लागला तर त्याला व्यवस्था म्हणता येत नाही.

उपाय सुचवला गेला नाही, असे नाही

१९७७ मध्ये आणीबाणीचा अनुभव ताजा असताना जनता सरकारने धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला. फेब्रुवारी १९७९ च्या पहिल्याच अहवालात आयोगाने या प्रश्नाला हात घातला. कोठडीतील बलात्कार, कोठडीतील मृत्यू वा गंभीर दुखापत आणि जमावावरील गोळीबारात दोन वा अधिक माणसांचा मृत्यू, अशा प्रकरणांत अतिरिक्त सत्र न्यायाधीशाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडून न्यायालयीन चौकशी सक्तीची करावी, अशी शिफारस आयोगाने केली. त्याच वर्षी ते सरकार गेले. ज्या समाजवाद्यांनी आणीबाणीत तुरुंग भोगला त्यांना सत्तेत असताना या शिफारशीला कायद्याचे रूप देता आले नाही, आणि पुढे विरोधात बसल्यावर तिचा पाठपुरावाही करता आला नाही. हे अपयश स्वतःच्या खात्यावर मांडण्याचा प्रामाणिकपणा पक्षाने दाखवला पाहिजे.

आयोगाचे आठ अहवाल धूळ खात पडले. १९९६ मध्ये प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस महासंचालकांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि दहा वर्षांनी, २२ सप्टेंबर २००६ रोजी, न्यायालयाने सात निर्देश दिले. त्यांपैकी एक पोलीस तक्रार प्राधिकरणाचा. राज्य पातळीवर उच्च वा सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली एक, आणि प्रत्येक जिल्ह्यात निवृत्त जिल्हा न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली एक, अशी ती योजना होती. प्राधिकरणाची शिफारस सरकारवर बंधनकारक राहील, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले होते.

महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून ही प्राधिकरणे आणली. पण आणताना त्यांचे हातपाय आखडते केले. न्यायालयाने जिल्हा म्हटले होते. कायद्याने महसूल विभाग म्हटले. महाराष्ट्रात महसूल विभाग अवघे सहा. भामरागडच्या माडिया माणसाला नागपूर तीनशे किलोमीटरांहून दूर आहे. सावंतवाडीच्या माणसाला कोकण विभागाचे मुख्य ठिकाण चारशेहून अधिक. ज्याला ठाण्याच्या पायऱ्या चढायची भीती वाटते, त्याने दोन दिवसांची मजुरी बुडवून तिथवर जावे अशी ही अपेक्षा. शिवाय प्राधिकरणाचा अहवाल सरकारकडे जातो आणि कारणे नोंदवून सरकार तो नाकारू शकते. ज्या गृहखात्याच्या अखत्यारीत पोलीस येतात, अखेरचा शब्द पुन्हा त्याच सरकारचा.

तरी खरी उणीव याहून खोल आहे. अध्यक्षपदी निवृत्त न्यायाधीश बसवला म्हणजे तपास स्वतंत्र होतो, हा भ्रम आहे. घटनास्थळी पहिल्या चोवीस तासांत कोण पोहोचते, कॅमेऱ्याचे चित्रण कोण ताब्यात घेते, स्टेशन डायरीची प्रत कोण काढते, शेजारच्या कोठडीतल्या माणसाचा जबाब कोण घेते, यावर सत्य ठरते. ही कामे करायला स्वतःचा माणूस नसेल तर न्यायाधीश पोलिसांनीच तयार केलेले कागद वाचत बसतो. कागद पोलिसांचे, तर निष्कर्षही बहुधा पोलिसांचाच.

इंग्लंडचा अनुभव या बाबतीत बोधप्रद आहे. १९७७ मध्ये तेथे तक्रार मंडळ आले. ते पोलिसांनी केलेल्या चौकशीचे कागद तपासून पाहत असे. १९८१ मध्ये ब्रिक्स्टनला दंगल झाली, लॉर्ड स्कारमन यांच्या अहवालाने तक्रारींच्या पद्धतीवरील अविश्वासाकडे लक्ष वेधले, आणि १९८५ मध्ये नवे प्राधिकरण आले. ते चौकशीवर देखरेख करी, पण चौकशी पोलीसच करीत. स्वतःचे तपास अधिकारी असलेला आयोग यायला २००४ साल उजाडावे लागले. उत्तर आयर्लंडमध्ये तर २००० पासून पोलीस लोकपालाकडे स्वतःचे तपास पथक आहे. या संस्था निर्दोष नाहीत, त्यांच्यावर तेथेही कठोर टीका होते. परंतु कागद तपासणे, देखरेख करणे आणि स्वतः तपास करणे या तीन पायऱ्यांतला फरक त्यांना तीस वर्षांच्या ठेचा खाऊन कळला. तो आपल्याकडे ठेच न लागता शिकता येण्यासारखा आहे.

शिपायाचा प्रश्न

यावर एक आक्षेप हमखास येतो. पोलिसांच्या डोक्यावर असा तपास टांगला तर त्यांचे मनोधैर्य खचेल, गुंडांचे फावेल, खोट्या तक्रारींचा पाऊस पडेल. यातील खोट्या तक्रारींची भीती अगदीच निराधार नाही. राजकीय सूडासाठी आणि गुन्ह्याचा तपास थोपवण्यासाठी अशा तक्रारी होतात. परंतु तक्रार खोटी आहे हेसुद्धा स्वतंत्र तपासानेच सिद्ध होते. ठाण्याने स्वतःलाच दिलेल्या निर्दोषत्वाच्या दाखल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. त्यामुळे प्रामाणिक पोलीसही संशयाच्या छायेत राहतो.

शिवाय 'पोलीस' हा एकजिनसी शब्द फसवा आहे. त्यात अधिकारी आहेत आणि बारा-चौदा तास उभे राहणारे, सणासुदीला घर न पाहणारे शिपाईही आहेत. वरून तोंडी हुकूम येतो, खाली हात उचलला जातो; प्रकरण अंगावर आले की हुकूम देणाऱ्याचे नाव कागदावर नसते आणि निलंबन शिपायाचे होते. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलीस शिपायांनी उठाव केला तेव्हा सरकारने त्यांची संघटना मोडून काढली. संघटित होण्याचे स्वातंत्र्य तर १९६६ च्या कायद्याने आधीच आवळले गेले होते. ज्या शिपायाला स्वतःची दाद मागता येत नाही, त्याच्याकडून दुसऱ्याची दाद ऐकून घेण्याची अपेक्षा करणे कठीण आहे. स्वतंत्र तपास यंत्रणा हुकमाची साखळी वरपर्यंत तपासू शकेल. अंतर्गत चौकशी ते कधीच करणार नाही. म्हणून ही मागणी पोलिसांच्या विरोधातली नसून सामान्य शिपायाच्या हिताचीही आहे. समाजवादी कार्यकर्त्याने ती पोलीस वसाहतीत जाऊन तितक्याच मोकळेपणाने मांडली पाहिजे.

नव्या कायद्याने वाट सोपी केली की अवघड?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत एक सुधारणा आहे. सरकारी नोकरावर खटला भरण्याची परवानगी सरकारने १२० दिवसांत दिली वा नाकारली नाही, तर ती दिली असे मानले जाईल. वर्षानुवर्षे मंत्रालयात पडून राहणाऱ्या फायलींवरचा हा उतारा स्वागतार्ह आहे. पण त्याच संहितेच्या १७५ व्या कलमात एक नवे पोटकलम आले आहे. सरकारी नोकराविरुद्ध, कर्तव्य बजावताना घडलेल्या गोष्टीची तक्रार असेल तर तपासाचा आदेश देण्यापूर्वी दंडाधिकाऱ्याने त्याच्या वरिष्ठाचा अहवाल मागवावा आणि त्या नोकराचे म्हणणेही विचारात घ्यावे. सामान्य आरोपीला तपास सुरू होण्यापूर्वी असे ऐकून घेण्याची सोय नाही. म्हणजे एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले. १९५१ च्या पोलीस कायद्यातील १६१ वे कलमही कायम आहे. पदाच्या अधिकारात केलेल्या कृत्याबद्दल सहा महिन्यांनंतर दावा वा फिर्याद चालू शकत नाही, असा त्याचा आशय. सरकारने परवानगी दिली तर फिर्यादीला दोन वर्षांपर्यंत सवलत आहे. कोठडीत मारणे हा पदाचा अधिकार होऊ शकत नाही, हे उघड आहे. तरी हे कलम बचावासाठी पुढे केले जाते आणि उशीर झालेला गरीब त्यात अडकतो.

काय मागायचे, काय करायचे

मागण्या थोड्या आणि नेमक्या असाव्यात. तक्रार प्राधिकरण प्रत्येक जिल्ह्यात हवे. त्याला गृहखात्याच्या हाताखाली नसलेले, स्वतःचे तपास पथक हवे. त्याची शिफारस बंधनकारक हवी. कोठडीतील जखमांबाबत विधी आयोगाने १९८५ मध्ये सुचवलेले कलम कायद्यात यायला हवे. आणि भारताने १९९७ मध्ये छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर केलेली सही आता अनुमोदनाने पुरी व्हायला हवी. त्यासाठी २०१० मध्ये लोकसभेने मंजूर केलेले विधेयक राज्यसभेत अडकून लयाला गेले, ते पुन्हा आणावे लागेल.

परंतु मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. आज जे आहे त्याचाही पुरता वापर होत नाही. अटक झाल्याचे कळताच कार्यकर्त्याने वकिलासह ठाणे गाठावे, आणि आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करतील तेव्हा न्यायालयात हजर असावे. मारहाणीबद्दल दंडाधिकारी विचारतील तेव्हा, पाठीशी पोलीस उभा असतानाही, 'होय' म्हणण्याचे बळ त्या माणसाला ओळखीचा चेहरा समोर दिसला तरच येते. जखमांची वैद्यकीय तपासणी आणि तिची प्रत तेथेच मागावी. ठाण्यातील कॅमेऱ्यांचे चित्रण अठरा महिने, आणि ते अशक्यच असेल तर निदान वर्षभर, जपून ठेवावे असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितले आहे. ते राखून ठेवण्याचा लेखी अर्ज पहिल्याच आठवड्यात द्यावा आणि पोच घ्यावी. ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर टपालाने अधीक्षकांना, आणि तेथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्याकडे जावे. मानवी हक्क आयोगाला एक वर्षाची मुदत आहे आणि १६१ व्या कलमाचे सहा महिने त्याहून लवकर संपतात, हे दोन आकडे प्रत्येक तालुका कचेरीच्या भिंतीवर लिहून ठेवावेत.

आणि जबाबाचे बोलावणे आले की अर्जदाराला एकट्याला पाठवू नये. या एका गोष्टीला पैसा लागत नाही, कायदा बदलावा लागत नाही, सत्ताही लागत नाही. त्या खोलीत अर्जदार एकटा बसलेला असतो म्हणून 'माझी काही तक्रार नाही' हे वाक्य लिहिले जाते. दाराबाहेर चार माणसे दिवसभर बसून राहिली, तर ते लिहिणाऱ्याचा हात निदान अडखळेल. रचना बदलण्याची लढाई लांबची आहे; तिची सुरुवात मात्र ठाण्याच्या दाराबाहेरच्या त्या बाकावर, आजही करता येण्यासारखी आहे.